मॅकआर्थर वाचायचाय, पण चारपैकी कुठलं पुस्तक आधी घ्यायचं?

माझ्या भाच्याने मध्यंतरी विचारलं, मामा, तुझ्याकडे त्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरवरची चार पुस्तकं आहेत, मला एकच वाचायला वेळ मिळणारे, कुठलं देतोस? मी फार विचार न करता कपाटातलं सगळ्यात जाड काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. पंधरा दिवसांनी चौकशी केली तर तो अजून पहिल्या महायुद्धाच्या खंदकातच होता आणि पार कंटाळला होता. चूक माझी होती. त्याला पडलेला प्रश्न अगदी नेमका होता, की कोरियाच्या युद्धात इंचॉन बंदरावर फौज उतरवून ज्याने अख्ख्या जगाला तोंडात बोट घालायला लावलं तो माणूस पुढच्या दोन-अडीच महिन्यांत एवढा तोंडघशी कसा पडला, आणि मी त्याला दिलं जन्मापासून मरणापर्यंतचं चरित्र, ज्यात कोरिया पार शेवटच्या एक तृतीयांशात येतं. म्हणून आता नीट बसून लिहितोय, म्हणजे अजून कोणाला याच चारमधून निवडायचं असेल तर माझ्यासारखी घाई व्हायला नको.

चार पुस्तकं अशी. विल्यम मँचेस्टरचं ‘अमेरिकन सीझर’, १९७८ सालचं. स्वतः डग्लस मॅकआर्थरचं आत्मचरित्र ‘रेमिनिसन्सेस’, १९६४ सालचं, म्हणजे तो गेला त्याच वर्षीचं. डेव्हिड हाल्बरस्टॅमचं ‘द कोल्डेस्ट विंटर’, २००७. आणि एच. डब्ल्यू. ब्रँड्सचं ‘द जनरल व्हर्सेस द प्रेसिडेंट’, २०१६. चारही मी इंग्रजीतच वाचलीत, दोन तर दोनदा.

ज्यांना माणूसच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८८०, वेस्ट पॉइंटला १९०३ च्या बॅचमध्ये पहिला, पहिल्या महायुद्धात रेनबो डिव्हिजनमध्ये नाव कमावलं, १९३० ते ३५ अमेरिकन लष्कराचा प्रमुख, दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्स हरला आणि परत जिंकला, २ सप्टेंबर १९४५ ला ‘मिसुरी’ युद्धनौकेवर जपानची शरणागती यानेच घेतली, मग टोकियोत बसून जपानचा जवळजवळ राजा असल्यासारखा कारभार केला, आणि ११ एप्रिल १९५१ ला कोरियाचं युद्ध (दक्षिण कोरियाच्या बाजूने अमेरिका, समोर उत्तर कोरिया आणि मग चीन) ऐन भरात असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने त्याला सगळ्या पदांवरून काढून टाकलं. एवढ्या आयुष्यात वादाचे निर्णय मोजायचे तर बोटं पुरत नाहीत. १९३२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बोनस मागायला आलेल्या स्वतःच्याच माजी सैनिकांवर त्याने फौज घातली आणि नदी ओलांडू नका असा राष्ट्राध्यक्ष हूव्हरचा निरोप असताना पलीकडचा त्यांचा तळ उठवला. ८ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरची बातमी येऊन नऊ तास होत आले तरी फिलिपिन्समधल्या क्लार्क फील्ड विमानतळावरची त्याची विमानं जमिनीवरच सापडली. तिथल्याच बटान द्वीपकल्पात वेढलेल्या फौजेला अन्नाचा साठा कमी पडला, तो स्वतः मार्च १९४२ मध्ये हुकूम आला म्हणून कॉरेजिडोर बेटावरून छोट्या टॉर्पेडो बोटीने निघाला आणि मागे राहिलेल्या हजारो लोकांच्या नशिबी ती मृत्युयात्रा, म्हणजे जपानी कैदेतली जीवघेणी पायपीट, आली. पण सगळ्यात मोठा, आजही ज्यावर भांडणं होतात तो निर्णय म्हणजे १९५० च्या शेवटी चीनच्या सीमेपर्यंत, यालू नदीपर्यंत फौज नेण्याचा.

आता पुस्तकांची तुलना करायला मी एक साधी पद्धत वापरतो. लेखक रात्री मुक्कामाला कुठे आहे ते बघायचं. मॅकआर्थरने कोरियाच्या युद्धात एकही रात्र कोरियात काढली नाही, सकाळी विमानाने जायचा, फिरायचा, फोटो व्हायचे, संध्याकाळी टोकियोत परत. हाल्बरस्टॅम ही गोष्ट विसरत नाही, वाचकालाही विसरू देत नाही. त्याचा स्वतःचा मुक्काम खंदकात असतो, बर्फात, त्या विशीतल्या पोरांबरोबर. ब्रँड्सचा मुक्काम ट्रुमनच्या घरी. तेव्हा व्हाइट हाउसची डागडुजी चालली होती म्हणून ट्रुमन समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये राहत होता, तिथले कागद, तारा, डायऱ्या यांच्यात ब्रँड्स रमतो. मँचेस्टर टोकियोच्या बंगल्यात, मॅकआर्थर फेऱ्या मारतोय, पाइप हातात आहे, बायको जीन आणि छोटा आर्थर शेजारच्या खोलीत आहेत, तिथे. आणि आत्मचरित्रात अर्थातच सगळा मुक्काम एकाच डोक्यात.

यातून किती फरक पडतो ते एकच प्रसंग चारही ठिकाणी वाचला की कळतं. वेक बेटावरची भेट घ्या, १५ ऑक्टोबर १९५०. ट्रुमन एवढ्या लांबून उडून आला, मॅकआर्थर आदल्या संध्याकाळीच पोचला होता (तो विमान घिरट्या घालत ठेवून ट्रुमनला आधी उतरायला लावत होता ही गोष्ट लोक अजून सांगतात, ती खरी नाही). ट्रुमनने विचारलं, चीन किंवा रशिया मध्ये पडण्याची शक्यता किती? उत्तर आलं, फारच कमी. चिन्यांनी प्याँगयांगकडे यायचा प्रयत्न केला तर त्यांची मोठी कत्तल होईल. शेजारच्या खोलीत किलकिल्या दारामागे व्हर्निस अँडरसन नावाची सेक्रेटरी बसली होती, तिने ऐकू आलं ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं, आणि सहा महिन्यांनी तेच टिपण मॅकआर्थरच्या मानगुटीवर बसलं. आता ‘रेमिनिसन्सेस’ उघडा. तिथे तो म्हणतो माझं उत्तर फक्त अंदाज होता, चीनच्या मनात काय आहे हे सांगायचं काम वॉशिंग्टनच्या लोकांचं होतं, आणि माझं बोलणं नंतर मोडूनतोडून दाखवलं गेलं. ब्रँड्सकडे तोच प्रसंग टिपणासकट येतो, कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, आणि तुमच्या लक्षात येतं की त्या खोलीत एकानेही उलटून दुसरा प्रश्न विचारला नाही. मला हे फार लागलं. सगळ्यांना ख्रिसमसच्या आधी संपवायचं होतं, म्हणून सगळ्यांनी हवं ते उत्तर ऐकून घेतलं. दोष एकट्या मॅकआर्थरचा नव्हता हे ब्रँड्स वाचताना सगळ्यात चांगलं समजतं, आणि ते तो कुठेही ओरडून सांगत नाही.

त्या भेटीनंतर चारच दिवसांनी चिनी फौजा यालू ओलांडायला लागल्या होत्या. रात्री चालायच्या, दिवसा झाडीत आणि खेड्यांत दडून राहायच्या.

इथून पुढे हाल्बरस्टॅमचा हात कोणी धरू शकत नाही. त्याचं पुस्तक सुरूच होतं उत्तर कोरियातल्या उनसानपासून. दक्षिण कोरियाचा जनरल पाइक सुन-युप, ज्याला चिनी भाषा येत होती, त्याने पकडलेल्या कैद्याशी स्वतः बोलून खात्री केली की हा चिनी सैनिक आहे, आणि त्याच्यामागे खूप मोठी फौज आहे. हे वरपर्यंत गेलं. टोकियोत मॅकआर्थरचा गुप्तवार्ता प्रमुख चार्ल्स विलोबी बसला होता, त्याने ते उडवून लावलं. मग १ नोव्हेंबरची रात्र. आठव्या कॅव्हलरी या अमेरिकन रेजिमेंटची पोरं, अंगावर अजून उन्हाळी कपडे, कारण घरी जायचंय असं सगळ्यांनी धरलेलं. मध्यरात्रीनंतर एका पुलावरून सैनिकांची एक रांग शांतपणे चालत येते, पहाऱ्यावरच्यांना वाटतं आपलेच दक्षिण कोरियन आहेत, जाऊ देतात, आणि थोड्या वेळाने आतून बिगुल वाजायला लागतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, पुस्तक मिटून ठेवलं तरी तो बिगुल कानात राहिला. त्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची तर धूळधाण झाली. एमिल कापोन नावाचा त्यांचा पाद्री, निघून जायची संधी असताना जखमींपाशी थांबला, पकडला गेला आणि पुढच्या मे महिन्यात कैद्यांच्या छावणीत मेला. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं ते २०१३ मध्ये.

आणि एवढं सगळं होऊनही फौज पुढेच गेली, हा खरा मुद्दा आहे. उनसान झाल्यावर चिनी अचानक गायब झाले, तेव्हा तीन आठवडे थांबून विचार करायला वेळ होता. २४ नोव्हेंबरला मॅकआर्थर चोंगचोन नदीवरच्या मुख्यालयात आला, पोरं ख्रिसमसला घरी असतील असं बोलला, आणि परतताना पायलटला सांगून विमान यालूच्या काठाकाठाने नेलं. खाली बर्फ दिसला, माणूस दिसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बर्फातून चिनी फौज अंगावर आली. सगळं मिळून तीन लाखांच्या आसपास होते ते, आणि विलोबीचा आकडा त्याच्या पाव हिश्शाच्याही खाली होता.

याच ठिकाणी हाल्बरस्टॅम एक तुलना करतो ती त्याच्या पुस्तकाचा कणा आहे असं मला वाटतं. पूर्वेकडे चोसिन तलावाकडे मरीन्स निघालेले, त्यांचा सेनापती ऑलिव्हर स्मिथ. त्याच्या वरचा नेड आल्मंड, मॅकआर्थरचा लाडका, सतत म्हणतोय लवकर पुढे जा. स्मिथने तोंडावर नाही म्हटलं नाही, पण चाल मुद्दाम हळू ठेवली, वाटेत दारूगोळा साठवला, आणि हागारू-रीला गोठलेल्या जमिनीवर रात्रीसुद्धा दिव्यांच्या उजेडात विमानाची धावपट्टी खणायला लावली. थंडी एवढी की रक्तद्रव्याच्या बाटल्या गोठायच्या, मॉर्फिनच्या नळ्या डॉक्टरलोक तोंडात धरून वितळवायचे. नंतर त्याच धावपट्टीवरून हजारो जखमी बाहेर काढले आणि ती डिव्हिजन लढत लढत समुद्रापर्यंत पोचली. तलावाच्या दुसऱ्या बाजूला लष्कराची तुकडी होती, तिला असा वेळ कोणी दिला नाही, तिचा नेता डॉन फेथ मेला आणि तुकडी जवळजवळ संपली. एकच हुकूम, एकच थंडी, पण एका माणसाने आपल्या माणसांचा जीव हुकमापेक्षा थोडा जास्त महाग धरला. वादग्रस्त निर्णय म्हणजे फक्त वरच्या साहेबाचा निर्णय नसतो, खालच्या माणसाने तो कसा पाळला हाही निर्णयच असतो, हे मला या पुस्तकाने शिकवलं आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

पण हाल्बरस्टॅमच्या उणिवा सांगायलाच हव्यात. एक म्हणजे त्याला मॅकआर्थर आणि आल्मंड अजिबात आवडत नाहीत, आणि ते पानापानावर कळतं. इंचॉनचं श्रेय देतो, पण दिल्या दिल्या लगेच हात मागे घेतो. दुसरं, तो एकच मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत तीन-तीन वेळा सांगतो, वाक्यं लांबलचक, आणि सातशेच्या आसपास पानं. तिसरं, १९५१ च्या वसंतानंतरचं युद्ध, वाटाघाटी आणि टेकड्यांसाठीची ती दोन वर्षांची झुंज, हे त्याने जवळजवळ गुंडाळलंय, त्यामुळे अख्खं कोरियन युद्ध हवं असेल तर हे पुरणार नाही. एप्रिल २००७ मध्ये हे पुस्तक पुरं करून तो थोड्याच दिवसांत मोटार अपघातात गेला, ते छापून आलं त्या सप्टेंबरात. शेवटचा हात फिरवायला त्याला वेळ मिळाला असता तर पानं कमी झाली असती का, असं मला नेहमी वाटतं.

मँचेस्टरचं पुस्तक याच्या अगदी उलट. हा माणूस स्वतः मरीन होता, ओकिनावात जबर जखमी झालेला, त्यामुळे युद्ध म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. सुरुवातीलाच तो मॅकआर्थरला विरोधाभासांचा डोंगर म्हणून उभा करतो, उदात्तही आणि क्षुद्रही, उद्धटही आणि लाजराही, आणि मग पुढची सगळी पानं ते दोन्ही बाजूंनी दाखवत राहतो. ‘डगआउट डग’ ही शिवी त्याला सैनिकांनी दिली होती, खंदकात लपून बसणारा या अर्थाने, कारण बटानच्या वेढ्यात तो कॉरेजिडोरहून फक्त एकदाच तिकडे गेला. मँचेस्टर दाखवतो की या माणसाला गोळ्यांची भीती कधीच नव्हती, पहिल्या महायुद्धापासून तो उघड्यावर उभा राहणाराच, त्याचा दोष भित्रेपणाचा नव्हता, दुसराच होता. क्लार्क फील्डच्या सकाळबद्दल मात्र तो त्याला सोडत नाही. आणि जपानवरचा भाग! मला विचाराल तर त्या पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग तोच. जमीन कुळांना मिळाली, बायकांना मत मिळालं, १९४७ ची राज्यघटना लागू झाली, आणि हे सगळं एका अशा सेनापतीच्या हाताखाली जो आपल्या देशात कट्टर उजवा म्हणून ओळखला जायचा. कोरियापुरतंच वाचणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, आणि मग मॅकआर्थर म्हणजे नुसता एक हेकट म्हातारा होऊन बसतो.

मँचेस्टरची अडचण दोन प्रकारची. भाषा जड आहे, शब्दकोश जवळ लागतो, रोमन इतिहासाचे संदर्भ पेरलेले आहेत. आणि १९७८ नंतर बाहेर आलेलं त्यात नाही. उदाहरण द्यायचं तर फिलिपिन्सचा अध्यक्ष केझॉन याने १९४२ च्या सुरुवातीला मॅकआर्थरला ५ लाख डॉलर दिले, ही गोष्ट १९७९ मध्ये उजेडात आली, पुस्तकानंतर वर्षभरात. वेढ्यात सापडलेल्या सेनापतीने ज्या देशाचं रक्षण करायचं त्याच्याच अध्यक्षाकडून एवढी रक्कम घ्यावी का, हा प्रश्न त्यामुळे मँचेस्टरच्या वाचकापुढे येतच नाही. तेव्हा ते पुस्तक वाचताना ही एक गोष्ट आपल्या पदरची जोडून घ्यायची.

आत्मचरित्राबद्दल मी थोडक्यातच सांगतो. ते एकटं वाचू नका. त्यात स्वतःची चूक अशी काही नाहीच, प्रत्येक ठिकाणी तो बरोबर आणि वॉशिंग्टन चूक. यालूवरचे पूल पाडायला त्याला आधी मनाई झाली, मग फक्त कोरियाकडचं टोक पाडा असं सांगितलं, त्यावर त्याने जे लिहिलंय ते वाचताना राग, अपमान आणि आपल्या सैनिकांची खरीखुरी काळजी हे सगळं एकत्र जाणवतं. त्यासाठी ते वाचावं. इंचॉनचा भागही त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखा. २३ ऑगस्ट १९५० ची टोकियोतली बैठक, नौदलाचे लोक एकामागून एक उठून अडचणी सांगतायत, भरती-ओहोटीत तीस फुटांचा फरक, ओहोटीला मैलोन् मैल चिखल, किनाऱ्याऐवजी दगडी भिंत जिच्यावर शिड्या लावून चढायचं, आणि अॅडमिरल डॉइल शेवटी म्हणतो की फार तर मी एवढंच म्हणेन, इंचॉन अशक्य नाही. मग हा उठतो आणि वुल्फने १७५९ मध्ये क्वेबेक कसं घेतलं ते सांगतो, की शत्रूला जे अशक्य वाटतं तिथूनच जायचं. १५ सप्टेंबरला ते जमलं. हीच त्याची शोकांतिका आहे असं मला मनापासून वाटतं, सगळ्या जाणकारांनी नाही म्हटलं आणि तो बरोबर ठरला, त्यानंतर यालूच्या वेळी त्याला नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही आणि म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. हे नातं मँचेस्टर आणि हाल्बरस्टॅम दोघंही दाखवतात, पण आत्मचरित्रात ते नकळत दिसतं, त्यामुळे जास्त भिडतं.

ब्रँड्सचं पुस्तक चारही पुस्तकांत वाचायला सगळ्यात सोपं. टेक्सासला प्राध्यापक आहे, पण प्राध्यापकी नाही. प्रकरणं छोटी, एकदा ट्रुमन, एकदा मॅकआर्थर, असं आलटून पालटून, बरंचसं त्या लोकांच्याच शब्दांत. ३० नोव्हेंबर १९५० ची ती पत्रकार परिषद त्यात वाचा, ट्रुमन बोलता बोलता म्हणून गेला की अणुबॉम्बच्या वापराचा विचार नेहमीच चालू असतो, आणि शस्त्र कसं वापरायचं ते रणांगणावरचा सेनापती बघेल, लगेच व्हाइट हाउसला खुलासा काढावा लागला, आणि ब्रिटनचा पंतप्रधान ॲटली घाईघाईने विमानात बसून वॉशिंग्टनला आला. म्हणजे जग त्या आठवड्यात किती काठावर होतं ते कळतं. मग मार्च १९५१, ट्रुमन युद्धबंदीची तयारी करतोय आणि मॅकआर्थर परस्पर चीनला धमकीवजा निवेदन देऊन मोकळा. ५ एप्रिलला त्याचं पत्र काँग्रेसमध्ये वाचलं गेलं, विजयाला पर्याय नसतो असं म्हणणारं, आणि सहा दिवसांत हुकूम निघाला. बडतर्फीची बातमी मॅकआर्थरला टोकियोत जेवणाच्या टेबलावर कळली, तीही रेडिओवरून फिरत फिरत आधी बायकोला आणि तिच्या तोंडून त्याला. तो तिला एवढंच म्हणाला, जीनी, शेवटी आपण घरी चाललो. पन्नास वर्षांच्या नोकरीनंतर ही पद्धत बरी नव्हती, ट्रुमनची बाजू घेणाऱ्यानेही हे मान्य करायला हवं.

पण ब्रँड्सचं सगळ्यात मोलाचं काम शेवटी आहे. सिनेटची चौकशी झाली, बंद दाराआड, आणि साक्षी सेन्सॉर करून रोज बाहेर दिल्या जायच्या. अमेरिकन सेनाप्रमुखांच्या समितीचा अध्यक्ष ब्रॅडली याचं ते वाक्य सगळ्यांना माहीत आहे, चुकीचं युद्ध, चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या शत्रूशी. पण जे खोडलं गेलं होतं आणि पुढे खुलं झालं ते वाचा. सेनाधिकारी आत सांगत होते की चीनवर बॉम्ब टाकत बसायला आपल्याकडे तेवढं हवाई दलच नाही, आणि शत्रूसुद्धा हात राखून लढतोय, आपली पुसानची बंदरं, जपानमधले तळ त्याने सोडलेत. म्हणजे मर्यादा दोन्हीकडून पाळल्या जात होत्या आणि त्यात जास्त फायदा अमेरिकेचाच होता. हे उघड बोलता येत नव्हतं कारण शत्रूला कळलं असतं. मॅकआर्थरच्या स्वागताला लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा ट्रुमनचे लोक गप्प बसले ते यामुळे, आणि हे वाचल्यावर माझं स्वतःचं मत बदललं. आधी मला वाटायचं की मॅकआर्थरला हात बांधून लढायला लावलं. ब्रँड्सची उणीव एवढीच की सैनिक त्याच्या पुस्तकात फारसे दिसत नाहीत. थंडी लागत नाही. लढाई नकाशावरच राहते.

आता एक गोष्ट, जी आपल्याला म्हणून जवळची आहे. चीन उतरणार हे अमेरिकेला आधी कळलं होतं, आणि कळवलं होतं आपल्या माणसाने. पेकिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री चीनचा पंतप्रधान चाऊ एन-लाय याने बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की अमेरिकन फौजांनी ३८ वं अक्षांश, म्हणजे दोन कोरियांमधली हद्द, ओलांडलं तर चीन उतरेल, दक्षिण कोरियाचे एकटे आले तर गोष्ट वेगळी. हे दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला गेलं. तिथे पणिक्करांना चीनधार्जिणा ठरवून ते बाजूला ठेवलं. वॉशिंग्टनच्या बाजूने हे सगळं कसं चुकत गेलं ते बघायचं तर ब्रँड्स हाताशी असू द्या, पण पणिक्करांची त्या रात्रीची आठवण त्यांच्याच शब्दांत वाचायची तर त्यांचं आत्मकथनच गाठायला हवं. तसंच कोरियात आपलं साठावं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स होतं, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं, डिसेंबरच्या माघारीत प्याँगयांगहून निघताना सामान टाकून द्यायला ते तयार नव्हते म्हणून त्यांनी एक जुनी आगगाडी चालू करून आपला दवाखाना वाचवला, आणि मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीधारी तुकडीबरोबर मुन्सानला उड्याही मारल्या. आणि युद्ध थांबल्यावर घरी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त कैद्यांची जबाबदारी ज्या भारतीय दलावर पडली त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात. आपला एक अधिकारी कैद्यांनी ओलीस धरला तेव्हा ते स्वतः त्या कुंपणाच्या आत गेले आणि एक गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. त्यांचं आत्मचरित्र आहे. वरच्या चारपैकी काहीही वाचलंत तरी त्याच्या जोडीला थोरात वाचा, युद्धातला निर्णय शांतपणेही घेता येतो हे बघायला.

तर मग कुठलं घ्यायचं. तुम्हाला माझ्या भाच्यासारखा यालूचाच प्रश्न पडला असेल, आणि एकच पुस्तक वाचणार असाल, तर डोळे झाकून ‘द कोल्डेस्ट विंटर’. पानं जास्त आहेत पण सुटत नाहीत, आणि कंटाळा आला तर वॉशिंग्टनमधल्या राजकारणाची प्रकरणं चाळत पुढे जा, उनसान, चोसिन, आणि नवा सेनापती जनरल रिजवे कोरियात आल्यावरची चिप्योंग-नीची लढाई हे मात्र सोडू नका. वेळ कमी आहे, इंग्रजी वाचायची फार सवय नाही, किंवा मुख्य कुतूहल हे आहे की लोकांनी निवडून दिलेल्याने सेनापतीला काढावं की नाही, तर ब्रँड्स, आठवड्याभरात होतं. कॉलेजात राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना मी हेच सांगीन. मँचेस्टर त्यांच्यासाठी ज्यांना माणूस हवाय, एक घटना नकोय, ज्यांच्याकडे एक अख्खा पावसाळा आहे, आणि ज्यांना जपानबद्दल ओढ आहे. आत्मचरित्र दुसऱ्या नंबरवर, नेहमी दुसऱ्या, आधी यातलं कुठलंही एक झाल्यावर. आणि कोणाला खरोखर संशोधनाच्या अंगाने जायचं असेल तर डी. क्लेटन जेम्सने १९७० ते ८५ मध्ये तीन खंडांत मॅकआर्थर लिहिलाय, त्याच्याइतका तोललेला दुसरा नाही, पण ते हौशी वाचकाचं काम नव्हे, त्याला टेबल आणि वही लागते.

दोन घेणार असाल तर माझी जोडी हाल्बरस्टॅम आणि ब्रँड्स, याच क्रमाने. आधी थंडी, मग कागद. उलट केलंत तर कागदावरचे आकडे आकडेच राहतात, अमेरिकेची ३६ हजारांहून जास्त माणसं त्या युद्धात गेली आणि कोरियन तर किती लाख, हे नुसतं वाचून पुढे जायला होतं.

भाच्याला पुस्तक बदलून दिलं. काल रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला, मामा, ती रांग पुलावरून गेली तिथे आहे, सकाळी ऑफिस आहे पण ठेववत नाहीये.